लॅक्टुलोज सिरप आणि सोबत रिफॅक्सिमिन: लिव्हरच्या पेशंटला घरी रोज देताना आलेला अनुभव

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर आतनं कडक होऊन त्याचं काम कमी होत जाणं, आणि त्यापायी रक्तातला अमोनिया वाढून डोक्यावर परिणाम होतो, डॉक्टर त्याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. त्यासाठी लॅक्टुलोज सिरप कायमचं चालू आहे आणि नंतर त्यात रिफॅक्सिमिनची गोळी वाढवली. सिरपला माझ्याकडनं पाचपैकी चार, गोळीला पण चार, गोळीचा एक किमतीपायी गेला. पण नुसते आकडे देऊन उपयोग नाही, कारण हे औषध चांगलं की वाईट हे निम्मं तरी घरात ते कसं दिलं जातं त्यावर ठरतं, आणि ते सांगणारं मराठीत मला नीट काही मिळालं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मामांची सगळी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली, दारूला आयुष्यात शिवले नाहीत. हे मुद्दाम लिहिते कारण लिव्हरचं दुखणं म्हटलं की समोरचा माणूस लगेच तसल्या नजरेनं बघतो आणि आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, त्याचा लई त्रास झाला. जुनी शुगर, त्यातनं फॅटी लिव्हर, आणि त्याचं होता होता सिरॉसिस, असं झालंय. शुगर आणि पोटाचा घेर असणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं, तेव्हा लपवत बसू नका.

पहिल्यांदा लक्षात आलं ते त्यांच्या वहीवरनं. रिटायर झाले तरी घरखर्च रोज लिहायचे, अक्षर असं मोत्यासारखं आणि आकडे एकाखाली एक, आणि अचानक आकडे रेघ सोडून खाली घसरायला लागले, दुधाच्या हिशोबात वजाबाकी चुकायला लागली. मग रात्रभर जागे आणि दिवसभर झोप. पहाटे तीनला उठून शर्ट घालून बसायचे, बटणं खालीवर लावलेली, आणि म्हणायचे सौदे निघालेत मला यार्डात जायचंय. आम्हाला वाटलं वयाचं विसरणं आलं. मिरजेला पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं तर त्यांनी काय केलं, मामांना दोन्ही हात समोर सरळ करून मनगटं मागं वळवून धरायला सांगितली, तर पंजे मधनंच खाली पडायचे आणि परत वर यायचे, फडफड फडफड. ते बघूनच डॉक्टर म्हणाले हे डोक्याचं नाही लिव्हरचं आहे. आता ही हाताची परीक्षा मी घरी अधूनमधून करते, शंका आली की.

अमोनियाच्या टेस्टबद्दल दोन गोष्टी सांगते कारण लोक त्या आकड्याच्या मागं लागतात. रक्त घेताना दंडाचा पट्टा जास्त वेळ आवळलेला नको, मूठ सारखी उघडझाप करायला लावायची नाही, आणि नळी लगेच बर्फात ठेवून ताबडतोब लॅबला जायला हवी, उशीर झाला तर नळीतल्या नळीत आकडा चढतो. आमच्याकडं आलेल्या लॅबच्या मुलानं छोट्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणला होता, तेव्हा कळलं की हे काम जाणणारा माणूस आलाय. आणि दुसरं, नुसता आकडा जास्त आला म्हणून आजार ठरत नाही आणि आकडा कमी झाला म्हणून औषध कमी करत नाहीत. डॉक्टर माणूस बघून ठरवतात. उलट माणूस गोंधळलेला आहे आणि अमोनिया नॉर्मल आला तर दुसरं काही कारण आहे का ते शोधायला लागतं, म्हणून टेस्ट अगदीच बिनकामाची नाही. फक्त दर आठवड्याला करत बसायची गरज नाही.

आता औषधाकडं. आपण खाल्लेल्या प्रोटीनमधनं आणि आतड्यातल्या जंतूंच्या कामातनं अमोनिया तयार होतो, तो रक्तातनं लिव्हरला जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. सिरॉसिसमध्ये लिव्हर थकलेलं आणि काही रक्त लिव्हरला वळसा घालून सरळ पुढं जातं, मग अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. लॅक्टुलोज ही एक तयार केलेली साखर आहे, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून केलेली, जी लहान आतड्यात पचतच नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिचं ॲसिड करतात, आतडं आंबट होतं आणि आंबट ठिकाणी अमोनियाचं रूप असं बदलतं की तो रक्तात शिरू शकत नाही, आतड्यातच अडकतो. वर हे सिरप जुलाबाचं पण काम करतं म्हणजे अडकलेला अमोनिया शीवाटे बाहेर. १९६६ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी हे या दुखण्यासाठी वापरल्याचं लॅन्सेटमध्ये छापून आलं, तेव्हापासून आजतागायत पहिलं औषध हेच. हे सगळं समजून घेतल्यावर मला मोठा फायदा झाला, कारण मग कळलं की याला नुसतं बद्धकोष्ठाचं सिरप समजून चालणार नाही.

बाटलीवर १५ मिलीला १० ग्रॅम लॅक्टुलोज असं लिहिलेलं असतं. आमच्या चिठ्ठीवर ३० मिली दिवसातनं तीन वेळा असं लिहिलंय पण खाली डॉक्टरांनी पेनानं दुसरी ओळ लिहून दिली आणि तीच खरी महत्त्वाची: दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शी झाली पाहिजे. त्यापेक्षा कमी झाली तर सिरप वाढवायचं, पाण्यासारखं पातळ होऊन चार-पाच वेळा जायला लागलं तर कमी करायचं. किती वाढवायचं, किती कमी करायचं, कुठपर्यंत, हे त्यांनी आधीच लिहून दिलंय, त्या हद्दीत आम्ही करतो आणि हद्द ओलांडायची वेळ आली तर फोन. तुमच्या डॉक्टरांनी असं लिहून दिलं नसेल तर पुढच्या खेपेला मागून घ्या, अगदी हट्टानं मागा, कारण ‘३० मिली तीन वेळा’ एवढ्यावर घरच्या माणसाला काहीच कळत नाही. आणि माझा ३० मिलीचा आकडा बघून तुम्ही तेवढं द्यायचं नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

आता अवघड भाग. सुनेनं सासऱ्याला रोज विचारायचं मामा आज किती वेळा झाली, कशी झाली, हे आमच्याकडच्या घरात किती जड जातं ते तुम्हाला माहितीय. मामा सुरुवातीला उत्तरच द्यायचे नाहीत, नुसतं हूं म्हणायचे, नायतर झाली की म्हणून तोंड वळवायचे. आत्या विचारायच्या तर त्यांच्यावर चिडायचे. मग आमच्या ह्यांनी संडासाच्या दाराबाहेर एक कॅलेंडर टांगलं आणि दोऱ्यानं पेन्सिल बांधली. मामांनी पोती मोजायची सवय आयुष्यभर केलेली, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, त्यांनी आपणहून त्या दिवसाच्या चौकोनात रेघ ओढायला सुरुवात केली, पातळ असेल तर रेघेला खाली शेपटी. कुणी कुणाला विचारायचं नाही की सांगायचं नाही. मी जाता येता बघते, दुपारपर्यंत एक पण रेघ नसेल तर संध्याकाळच्या डोसाचं बघते. डॉक्टरांकडं जाताना ते पानच फाडून नेतो, डॉक्टरांनाही ते एवढं आवडलं की बाकीच्या पेशंटना सांगतो म्हणाले.

चव. अति गोड आणि चिकट. मामा पहिल्या दिवशी म्हणाले, ‘पोरी, हे औषध हाय का काकवी?’ आणि काकवी आवडणारा माणूस सुद्धा दिवसातनं तीन वेळा काकवी पिऊ शकत नाही. नुसतं दिलं तर मळमळायचं, मग अर्ध्या पेल्या पाण्यात मिसळून द्यायला लागलो, कधी दुधात, आणि दुपारचा डोस ताकाच्या आधी पाण्यात लिंबू पिळून. पाण्यात, दुधात, फळांच्या रसात चालतं, डॉक्टरांना विचारून घेतलंय. पहिले काही दिवस पोट फुगतं, गॅस लई होतो, पोटात गुरगुरतं, त्यावर मामा वैतागले होते पण ते हळूहळू कमी आलं. परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात, पहिल्या डोसाला काही झालं नाही म्हणून लगेच दुप्पट करू नका.

शुगरवाल्यांना प्रश्न पडतोच की एवढं गोड कसं चालेल. लॅक्टुलोज स्वतः रक्तात जवळजवळ जात नाही पण सिरपमध्ये थोडी गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज उरलेली असते, म्हणून डॉक्टरांना शुगर आहे हे सांगायचं आणि घरी मशीनवर बघत राहायचं. मामांची फारशी हलली नाही. ज्यांना गॅलॅक्टोसेमिया नावाचा जन्मजात आजार आहे त्यांना मात्र हे सिरप अजिबात द्यायचं नसतं.

बाटलीची तक्रार पण लिहिते. टोपणाभोवती सिरप वाळून घट्ट बसतं, आत्यांना उघडत नाही, आणि ओघळ बाहेर आला की अर्ध्या तासात मुंग्यांची रांग. मी बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवते आणि दर वेळी ओल्या फडक्यानं तोंड पुसते. मापाचं टोपण येतं त्यावरच्या खुणा इतक्या फिकट की चष्मा लावून पण दिसत नाहीत, मी नेलपॉलिशनं ३० ची खूण करून ठेवलीय. घरातला चमचा मापाला वापरू नका, एकाचा चमचा दुसऱ्यासारखा नसतो. आणि आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीस डिग्री गाठतं तेव्हा बाटली खिडकीत नको, उन्हानं सिरप गडद होत जातं, थोडं गडद झालं तर चालतं असं लेबलवरच लिहिलेलं असतं पण फारच काळपट दिसायला लागलं तर मी वापरत नाही. फ्रीजरमध्ये पण नको. आमची बाटली माठाच्या मागं गारव्याला असते.

आता जास्त झालं तर काय, हे सगळ्यात आधी शिकून घ्या कारण घरचे लोक कमी देण्याला घाबरतात पण जास्त देण्याला कुणी घाबरत नाही. जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं, पोटॅशियम-सोडियम बिघडलं, तर त्यानंच अमोनियाचा त्रास वाढतो, म्हणजे ज्यासाठी औषध दिलं तेच उलटं होतं. एका उन्हाळ्यात मामांना बाहेरच्या खाण्यानं जुलाब लागले होते, त्यात पोटातलं पाणी कमी करायची लघवीची गोळी चालू, जीभ कोरडी पडली आणि माणूस परत झोपाळू. डॉक्टरांनी फोनवर सिरप थांबवायला सांगितलं, लघवीची गोळी पण थांबवली आणि लगेच घेऊन या म्हणाले, रक्त तपासलं तर पोटॅशियम उतरलेलं. सलाईन लावलं, सावरले. त्या वेळेला कॅलेंडरवरच्या शेपटीवाल्या रेघा कामाला आल्या, नायतर आम्ही अजून सिरप पाजत बसलो असतो.

आणि उलटी गोष्ट, माणूस बरा दिसायला लागला की औषध बंद करायचं. हे तर घरोघरी. मामा पार पहिल्यासारखे झाले, पेपर वाचायला लागले, भावकीतले म्हणायला लागले आता कशाला रोज जुलाबाचं औषध, अंगात त्राण राहील का. त्यात तासगावला लग्न होतं. मांडवात संडासाची सोय काय असेल या भीतीनं मामांनी आदल्या दिवसापासनं सिरप गपचूप सोडलं. मी त्यांना दोष देत नाही, आयुष्यभर इस्त्रीच्या धोतरात वावरलेल्या माणसाला चारचौघांत घाईनं पळायला लागणं यापेक्षा मोठी लाज नाही. पण दोन दिवस एकही रेघ नाही आणि तिसऱ्या दिवशी आत्यांना हाक मारायला नाव आठवेना. ॲडमिट करायला लागलं. तिथं तोंडातनं औषध देता येईना म्हणून गुदद्वारातनं लॅक्टुलोजचा एनिमा दिला, पाण्यात मिसळून, मग शुद्धीवर आले. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी सांगितलं, कार्यक्रम असला तर आधी फोन करा, वेळा पुढंमागं करून देतो, पण सोडायचं नाही. आता कुठं जायचं असलं की पहाटेचा डोस लवकर होतो, निघायच्या आधी दोन वेळा जाऊन येतात आणि आमचे हे मांडवात आधी पोचून सोय बघून ठेवतात. लग्नं-मुंजी सगळं चालू आहे.

तेवढ्यावर एक गोष्ट जोडते, माणूस अर्धवट शुद्धीत असेल, गिळताना ठसकत असेल तर घरी तोंडात सिरप ओतू नका, फुफ्फुसात जाईल. १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटल गाठा.

दुकानाचा एक अनुभव. एका मेडिकलमध्ये सिरप संपलं होतं तर काउंटरवरच्या मुलानं दुसरीच बाटली हातात ठेवली, म्हणाला हे पण पोट साफ करायचंच आहे ताई, सेमच. मी उलटून वाचलं तर पॅराफिन आणि मॅग्नेशियावालं. शी झाली असती हो त्यानं, पण आतडं आंबट होऊन अमोनिया अडकायचं काम त्यात नाही, आणि वर नुसती शी मोजून आम्हाला वाटलं असतं डोस पुरतोय. लॅक्टुलोजच्या माहितीपत्रकात स्पष्ट असतं की सुरुवातीला डोस बसवताना दुसरं जुलाबाचं औषध सोबत देऊ नये, ते याच कारणासाठी. ॲसिडिटीची पातळ औषधं पण सोबत देण्याआधी विचारा, त्यानं आतडं आंबट होण्यात अडथळा येऊ शकतो. ब्रँड बदलला तर हरकत नाही, आम्ही डुफालॅक पण वापरलं आणि लूझ पण वापरलं, चवीत उन्नीस-बीस फरक, कामात मला फरक दिसला नाही, फक्त आतलं नाव लॅक्टुलोज आणि १५ मिलीला १० ग्रॅम हे जुळलं पाहिजे. दुकानदारावर भरवसा ठेवा पण बाटली वाचा.

रिफॅक्सिमिन. लग्नानंतरच्या त्या ॲडमिशनच्या वेळी ही वाढवली, ५५० मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ. ही अँटिबायोटिक आहे पण रक्तात फारच थोडी जाते, आतड्यातच राहून अमोनिया करणारे जंतू कमी करते. सिरप सोडून ही घ्यायची असा लोकांचा समज होतो तर तसं नाही, बहुतेकांना सिरपच्या जोडीला देतात. २०१० मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, २९९ पेशंट, सहा महिने बघितले, रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांत २२.१ टक्के लोकांना परत झटका, म्हणजे हाच गोंधळ-गुंगीचा त्रास, आला आणि न घेणाऱ्यांत ४५.९ टक्के, आणि दोन्हीकडचे दहातले नऊ लोक लॅक्टुलोज घेतच होते. आपल्याकडं दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलमध्ये पण काम झालंय, २००९ च्या त्यांच्या अभ्यासात नुसतं लॅक्टुलोज चालू ठेवणाऱ्यांत १९.६ टक्के लोकांना परत त्रास झाला, न घेणाऱ्यांत ४६.८ टक्के. बंद कशाला करायचं नाही असं विचारणाऱ्या भावकीला मी हा आकडा तोंडपाठ सांगते.

गोळीचा मामांना त्रास म्हणाल तर सुरुवातीला थोडी मळमळ आणि पायावर सूज, सूज लिव्हरची पण असू शकते म्हणून डॉक्टरांना दाखवली. लघवी लालसर दिसू शकते असं सांगून ठेवलं होतं. जोरदार जुलाब, ताप, पोटात कळा असं झालं तर मात्र सिरपचंच असेल म्हणून सोडून द्यायचं नाही, अँटिबायोटिकनं आतड्यात वेगळं इन्फेक्शन होऊ शकतं. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन गोळी चालू असेल तर आधी सांगा. घेताना पाकिटावरची ताकद बघा, रिफॅक्सिमिन २००, ४०० आणि ५५० अशी येते आणि पाकिटं दिसायला एकसारखी. किंमत मात्र खिशाला बसते, जनऔषधी केंद्रात चौकशी करा, आमचा बराच फरक पडला. ही चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नाही आणि शेजारच्याला दिली म्हणून आपल्याला मागायची पण नाही.

खाण्याचं. आधी सगळे सांगायचे प्रोटीन बंद करा, डाळ बंद, अंडं बंद, नुसती पेज. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी ते मोडून काढलं. दर किलो वजनाला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवंच, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, कारण स्नायू पण अमोनिया खेचून घेतात आणि उपाशी राहून स्नायू झडले तर त्रास वाढतो. मुगाची डाळ, दही-ताक, पनीर, मटकी, सोयाबीन हे मांसापेक्षा बरं सोसतं. आणि थोडं थोडं खूप वेळा, रात्री झोपताना पण काहीतरी खायचंच, आमच्याकडं ज्वारीची भाकरी कुस्करून दुधात नायतर एक वाटी दलिया. मामांची संकष्टी कित्येक वर्षांची, ती उपाशी राहायची नाही म्हटल्यावर घरात मोठा प्रश्न झाला, शेवटी आत्याच म्हणाल्या गणपतीला जाऊन या, नमस्कार करा आणि घरी येऊन जेवा, देवाला सगळं कळतं. भडंग मात्र बंद, पोटात पाणी होतं म्हणून मीठ कमी ठेवायला सांगितलंय आणि सांगलीत राहून भडंग सोडणं याचं दुःख मामांना औषधापेक्षा जास्त आहे.

झोपेच्या गोळीबद्दल हात जोडून सांगते. या दुखण्यात रात्रीची झोप उडते हे दुखण्याचंच लक्षण आहे, आणि घरचे लोक बिचारे जागून जागून थकलेले असतात, मग कुणीतरी म्हणतं अर्धी गोळी द्या की झोपेची. देऊ नका. या लिव्हरला ती सोसत नाही, माणूस गाढ गुंगीत जाऊ शकतो. कोडीनवालं खोकल्याचं औषध पण तसंच. गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला आणि रक्तस्रावाला धोक्याच्या. दातांच्या डॉक्टरांकडं गेलो तरी आम्ही सिरॉसिसची फाईल घेऊनच जातो. झटका बहुतेक वेळा उगाच येत नाही, मागं काहीतरी असतं, शी अडकलेली, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव होऊन शी डांबरासारखी काळी, नायतर पाणी कमी पडलेलं. म्हणून गोंधळ दिसला की नुसतं सिरप वाढवून घरात बसू नका, कारण शोधायला डॉक्टरकडं न्या. मामांची गाडीची किल्ली पण डॉक्टरांच्या सांगण्यावरनं आमच्या ह्यांच्याकडं असते, त्यावर रुसवा झाला, पण अमोनिया थोडा चढलेला असला तरी माणसाला स्वतःला कळत नाही आणि ब्रेक दाबायला उशीर होतो.

लहान मुलांत अमोनिया वाढण्याचे जे जन्मजात आजार असतात, युरिया सायकलचे, त्यांची औषधं सगळी वेगळी, सोडियम बेंझोएट, फिनाइलब्युटिरेट वगैरे, आणि त्यांच्यात प्रोटीनचं गणित पण वेगळं. कुणाच्या बाळाला अमोनिया सांगितला असेल तर माझा हा रिव्ह्यू वाचून काही करू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलातल्या त्यातल्या तज्ज्ञांकडं जा. फिटची व्हॅल्प्रोएट गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांत पण अमोनिया वाढू शकतो, तिथं पण रस्ता वेगळा.

खर्चाचं गणित करून ठेवा. दिवसाला ९० मिली म्हणजे २०० मिलीची बाटली सव्वादोन दिवसात संपते, महिन्याला २७०० मिली. एकेक बाटली आणत बसलं तर रात्री दहाला दुकान शोधायची वेळ येते. मी ठोक दुकानातनं महिन्याचा माल एकदम घेते, तारीख बघून, बिल घेऊन. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला मात्र दोन महिन्यांचा भरून ठेवते, २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचा पूर आला तेव्हा मामांना हे दुखणं नव्हतं पण रस्ते बंद आणि दुकानात माल नाही हे आम्ही बघितलंय. आयर्विन पुलाच्या पाण्याची पातळी मोबाईलवर यायला लागली की मी आधी सिरप आणि गोळ्या मोजते, मग बाकीचं. एका पिशवीत चार बाटल्या, रिफॅक्सिमिनची पाकिटं, मापाचं टोपण, डॉक्टरांची ती पेनानं लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून, आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून, कारण लाईट गेली की मोबाईलचा भरवसा नसतो.